लालबागचा ‘ल’ मोबाइलमध्ये का बदलतो?

काळाचौकीच्या अभ्युदय नगरमधल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेपर मोबाइलवरच वाचतात, अक्षर मोठं करून. तिसरीतला नातू शेजारी बसून शब्द लावतो. त्याला हल्ली आजी हाताने काढते तो ‘ल’ चुकीचा वाटतो. मोबाइलवरचं ‘लालबाग’ दाखवून तो म्हणतो, बघ, असा असतो ल. ताई विचारतात, खरा ल कोणाचा?

आजींचा. मराठी ल दोन पाकळ्यांचा, मधोमध देठ असलेला. उजवीकडे उभा दंड असलेला ल हिंदीत रुळलेला आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यातही ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्तच सांगितला आहे. पण मग मोबाइल वेगळं का दाखवतो, हा खरा मजेचा भाग, आणि त्यात आपल्या मुंबईतल्या एका माणसाची गोष्ट दडलेली आहे.

मोबाइलमध्ये अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेला असतो एक आकडा. ल म्हणजे २३५४, श म्हणजे २३५८. गिरणीच्या मस्टरवर कामगाराचा नंबर असे. नंबरावरून माणूस कोण ते कळे, तो आज कोणता सदरा घालून आलाय ते कळत नसे. तसंच हे. २३५४ म्हणजे ल एवढंच ठरलेलं आहे. त्याला पाकळ्या द्यायच्या की दंड, हे फाँट, म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच, ठरवतो. हिंदी, मराठी, नेपाळी या साऱ्यांचा ल एकाच आकड्याचा. ‘काळाचौकी’ लिहायला असे आठ आकडे लागतात आणि नेहमीच्या साठवणीत त्यांना चोवीस बाइट जागा लागते.

या आकड्यांचा क्रम आपल्या वर्णमालेवरून घेतला आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली ठरली आणि १९९१ च्या युनिकोडने, म्हणजे या आकड्यांच्या जागतिक यादीने, देवनागरीची मांडणी तिच्यावरून उचलली. सगळ्या भारतीय लिप्या एकाच चौकटीत बसवायच्या होत्या. म्हणून शाळेच्या तक्त्यात ह च्या पुढे बसणारा आपला ळ इथे ल च्या शेजारी आला, २३५५ वर. मला या शेजाराचं फार अप्रूप आहे. ॲ चं मात्र वाईट वाटतं. त्याला स्वतःचा आकडा मिळायला २००८ साल उजाडलं. त्याच वर्षी ॲपलने ॲप स्टोअर सुरू केलं, म्हणजे ‘ॲप’ हा शब्द आणि त्याचं पहिलं अक्षर मोबाइलच्या जगात बरोबरच आले.

आकडे ठरले तरी काम संपत नाही. ‘शिवडी’ लिहिताना आधी श साठवला जातो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. कोळ्यांचा ‘दर्या’ आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ यांतला फरक एका र च्या रूपाचा. अर्धी अक्षरं, रफार, जोडाक्षरं, कोण कुणाला भेटलं की काय दिसावं, या सगळ्याचे नियम फाँटमध्ये लिहावे लागतात. गिरगावात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात हेच शिशाच्या खिळ्यांत साधलं होतं. तिथे जुळाऱ्याचा हात आणि डोळा होता. संगणकाला डोळा नाही, त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते.

ती सांगणाऱ्यांत र. कृ. जोशी अग्रभागी होते. १९३६ चा जन्म, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक, मराठी कवी, मोठे सुलेखनकार, पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. तिथून ते जुहूच्या एनसीएसटी या संगणक संस्थेत गेले आणि तिथे त्यांनी भारतीय लिप्यांच्या फाँटचं काम उभं केलं. विंडोज २००० सोबत जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. त्यातला ल दंडाचाच होता, कारण तो एक फाँट साऱ्या देवनागरीसाठी होता. तरी त्याचं मोल मोठं आहे. त्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे होते, आणि फाँट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ दिसे. अमेरिकेतल्या मुलाला आईने मराठीत पत्र टाइप करून पाठवलं तरी ते उघडेल याची खात्री नसे. जोशी २००८ च्या फेब्रुवारीत गेले. संगणकाच्या इतिहासात आपण कंपन्यांच्या मालकांची नावं पाठ करतो; लाखो घरांतल्या लोकांनी ज्याची अक्षरं वाचली त्याचं नाव किती शाळांत सांगितलं जातं?

आता अनेक देवनागरी फाँटमध्ये दोन्ही ल असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण त्यांना मिळाली की ते पाकळ्यांचा ल काढतात. ताईंनी मोबाइलची भाषा मराठी करून पाहावी. सगळीकडे नाही, पण काही ठिकाणी ल बदललेला दिसेल.

आजींच्या मोबाइलवरच्या वाचनावरून आठवलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपरच्या पानाचे फोटो येतात, त्यांचं मात्र मला दुःख आहे. फोटोत अक्षरांचे आकडे नाहीत, नुसते ठिपके आहेत. आजींनी तो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते. तोच मजकूर टाइप केलेला असेल तर अक्षर वाढवल्यावर ओळी नव्याने जुळतात, शब्द शोधता येतो आणि डोळे थकले की मोबाइल तो वाचूनही दाखवतो.

आणि नातवाच्या वाचनाचं म्हणाल, तर हलत्या चित्रांची, आवाज करणारी गोष्टींची ॲप्स मुलांना वाचक बनवतात, या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दोन-तीन वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा ३७ जोड्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. छापील पुस्तक हातात असताना पालक आणि मूल गोष्टीबद्दल एकमेकांशी जास्त बोलले. टॅबलेटवर हे बोलणं कमी झालं. जोड्या थोड्या, मुलं फार लहान, त्यामुळे तिसरीतल्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मोजलं काय, तर बोलणं. ते अभ्युदय नगरच्या त्या घरात ल वरून रोज होतंय, आणि तेही मोबाइल मध्ये ठेवून. ताईंनी हा वाद लवकर मिटवायची घाई करू नये. नातवाला एवढं सांगावं की मराठीच्या वहीत पाकळ्यांचा ल काढायचा, हिंदीच्या वहीत दंडाचा, आणि दोन्हींचा नंबर २३५४.