कोंडा, खपल्या आणि चेहऱ्यावरचे डाग : घाबरू नका, ट्यूबही लावू नका

डोक्यात पिवळट, तेलकट खपल्या, भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे, कानामागे चिकट भेगा, अधूनमधून खाज. अशी तक्रार अनेक घरांत असते. डोक्यापुरते असेल तर ‘कोंडा आहे’ म्हणून आपण सोडून देतो. चेहऱ्यावर आले की घाबरतो. या आजाराचे नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. साधा कोंडा हे त्याचेच सौम्य रूप आहे.

कशामुळे होतो?

प्रत्येक माणसाच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी राहते. ती त्वचेतून निघणाऱ्या तेलावर जगते. ते तेल पचवताना जे घटक तयार होतात, ते काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. मग त्वचा लाल होते, तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून जिथे तेल जास्त सुटते तिथेच हा आजार दिसतो : डोके, भुवया, नाकाच्या कडा, दाढी-मिशा, कानामागे आणि छाती. थंडीत, ताणामुळे आणि जागरणामुळे तो वाढतो.

अस्वच्छतेमुळे हा आजार होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. घरातल्या मुलीचा किंवा सुनेचा टॉवेल, उशी वेगळी काढायची काहीच गरज नाही. तिला तसे वागवले तर आजारापेक्षा तो अपमानच जास्त बोचतो.

हे कोड आहे का?

सावळ्या त्वचेवर लाली फारशी कळत नाही. त्याऐवजी फिकट डाग दिसतात आणि घरात ‘कोड उठले’ अशी कुजबुज सुरू होते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यावर पापुद्रे नसतात. या आजारातले डाग फिकट पण पापुद्रे असलेले असतात आणि उपचारानंतर काही आठवड्यांत हळूहळू मूळ रंगावर येतात. डागाच्या जागी स्पर्श कळत नसेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती आणि पुढचे औषध मोफत मिळते.

उपाय काय?

कीटोकोनॅझोल २ टक्के हा औषधी शाम्पू यावर चांगला लागू पडतो. आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे वापरावा. केस ओले करून शाम्पू केसांना नव्हे तर डोक्याच्या कातडीला चोळा, पाच मिनिटे तसाच ठेवा, मग धुवा. बहुतेक जण लावल्या लावल्या धुऊन टाकतात आणि ‘गुण येत नाही’ म्हणतात. त्याचाच फेस भुवयांना व नाकाच्या कडांना लावता येतो. डोळ्यांत जाऊ देऊ नका. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पूही चालतो.

आराम पडल्यावर शाम्पू एकदम बंद करू नका. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा वापरत राहा. हा आजार कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो. ‘मुळापासून घालवतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

तीन चुका टाळा

१. रात्रभर तेल थापून ठेवणे. कोंडा म्हणजे कोरडेपणा असे समजून आपण तेल वाढवतो, पण ते त्या बुरशीचेच खाद्य ठरते. तेल लावायचेच असेल तर न्हाण्याआधी थोडा वेळ लावा.

२. लिंबाचा रस चोळणे, नखांनी खपल्या काढणे. त्याने जखम होते व त्यात पू धरतो.

३. चिठ्ठीशिवाय ट्यूब आणणे. खाज, नायटा, डाग सगळ्यांवर चालते म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत चेहरा उजळतो. महिन्याभरात कातडी पातळ होते, पुळ्या येतात आणि ट्यूब थांबवली की दाह दुप्पट उसळतो. सौम्य स्टिरॉइड काही दिवसांपुरते डॉक्टर देतात. ते त्यांनी सांगितले तेवढेच लावा.

तान्ह्या बाळाच्या टाळूवरची खपली

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या डोक्यावर जाड पिवळी खपली येते. ती बहुधा वर्षाच्या आत आपोआप जाते. थोडे तेल लावून खपली मऊ करा, बाळाच्या शाम्पूने धुवा आणि मऊ ब्रशने हलकेच सोडवा. टाळू भरून तेल तसेच ठेवू नका. खपली ओढून काढू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चार आठवडे शाम्पू नीट वापरूनही फरक नसेल, पू किंवा रक्त येत असेल, केसांचे गोल चट्टे जात असतील, किंवा कोपर-गुडघ्यांवर चंदेरी जाड खपल्या असतील तर महापालिकेच्या दवाखान्यात जा. तिथून मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवतात. मोठ्या वयात आजार अचानक आणि फार जोराने उसळला तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवू शकतात. ती सरकारी केंद्रात मोफत होते व गुप्त ठेवली जाते. कोंडा झाला म्हणजे एचआयव्ही झाला, असा मात्र याचा अर्थ नाही.

आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. डॉक्टरांना त्या दाखवायला लाजू नका. निम्मे निदान त्यावरच होते.