चिकणमातीतला पाइल: पेलणारी माती आणि ओढणारी माती

नवी मुंबईच्या खाडीकाठी बोअर घेतला की वर भराव, त्याखाली काळसर मऊ चिकणमाती, मग मुरूम आणि शेवटी कातळ लागतो. ही चिकणमाती इमारतीचे ओझे थेट पेलू शकत नाही, म्हणून पाइल घालतात.

पाइलचे टोकच भार घेते, असा समज आहे. हिशोब करून पाहा. ६०० मिमी व्यासाचा पाइल १५ मीटर मऊ चिकणमातीत उभा आहे. टोकही तिच्यातच आहे. या मातीची ताकद चौरस मीटरला २ टन धरू. पाइलच्या अंगाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर भरते. मऊ माती जवळपास पूर्ण ताकदीने त्याला चिकटते, म्हणजे घर्षणातून ५६ टन मिळाले. टोकाखाली माती स्वतःच्या ताकदीच्या नऊपट दाब सोसते खरी, पण तिथले क्षेत्रफळ जेमतेम ०.२८ चौरस मीटर. हाती येतात ५ टन. भार पेलते ते पाइलचे अंग. एकूण ६१ टनांना अडीचने भागून सुरक्षित भार २४ टन धरायचा.

ही पकड लगेच येत नाही. पाइल ठोकताना भोवतालची माती ढवळली जाते, तिच्यातल्या पाण्याचा दाब चढतो. चिकणमातीतून ते पाणी निघायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर घेतलेली भारचाचणी पाइलची ताकद कमीच दाखवते.

खरी कसोटी पुढे आहे. मऊ मातीवर नवा भराव पडला की तिच्यातले पाणी हळूहळू निघते आणि ती वर्षानुवर्षे खचत राहते. असाच पाइल खालच्या कातळावर टेकवला असेल, तर तो मात्र हलत नाही. खाली जाणारी माती त्याला सोबत ओढते, आणि आधार म्हणून मोजलेले तेच ५६ टन आता पाइलवर लादले जातात. याला ऋण घर्षण म्हणतात. माती पाइलच्या तुलनेत काही मिलिमीटर खाली सरकली तरी ते सुरू होते. यावर उपाय आहेत: पाइलला डांबराचा लेप देणे, कातळात जास्त खोल रोवणे, किंवा सगळ्यात चांगले म्हणजे उभे निचरे घालून माती आधीच बसवून घेणे.

मातीची ही घसरण मेक्सिको सिटीत डोळ्यांनी दिसते. भूजल उपशाने ते शहर खचत गेले. १९१० साली पाइलवर उभारलेला तिथला स्वातंत्र्यस्तंभ मात्र त्या मानाने जागेवर राहिला; रस्ता खाली गेल्याने पुढे त्याच्या पायथ्याला १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

तेव्हा खाडीकाठच्या जागेचा माती-अहवाल हाती आला की ताकदीच्या आकड्यावर थांबू नका. भराव किती जाड आहे आणि कधी टाकला, हे आधी विचारा.