कवळी हलते म्हणून इम्प्लांट बसवायचे? आधी एवढं तपासा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात दातांच्या दवाखान्यांचे बोर्ड वाचत गेलं की ‘इम्प्लांट’ हा शब्द भेटतोच. घरात आईची कवळी बोलताना हलत असेल, भाकरी चावत नसेल, तर प्रश्न पडतो, आपणही बसवून घ्यावेत का?

आधी हे असतं काय ते बघू. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं. मग कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी बसते. रात्री काढायची, धुवायची, सकाळी लावायची. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले होते, म्हणजे प्रकार काही नवा नाही.

खरा मुद्दा आहे वरची कवळी की खालची? वरची टाळूला चिकटून बसते, त्यामुळे बहुतेकांचं तिच्यावर भागतं. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही, मध्ये जीभ, आणि दात गेल्यावर खालचं हाड झिजतंही जास्त. म्हणून २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. हो, फक्त दोन. कुणी खाली सहा सांगितले, तर ‘का?’ विचारा. कायमचे न निघणारे दात हवे असतील तर जास्त लागतात, पण ते प्रकरण वेगळं आणि महागही.

वय ७५ आहे म्हणून लगेच नाही म्हणू नका. अडचण येते ती ताब्यात नसलेल्या शुगरची, तोंडाला दिलेल्या रेडिएशनची, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या काही गोळ्या-इंजेक्शनची. आणि तंबाखूची. आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आजी सरळ ‘नाही’ म्हणते. सोबत गेलेल्यानं ते सांगायला हवं, कारण तंबाखूमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

हात थरथरत असतील तर रोजची सफाई कोण करणार, हेही आधीच ठरवा.

कधीकधी कवळी फक्त जुनी झालेली असते. हाड झिजून ती सैल पडते आणि आतून नवा थर भरला तरी नीट बसते. खर्चही बराच कमी. दुसरं मत हवं असेल तर घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, क्रांती चौकातून रिक्षानं जाता येतं. जाताना जुनी कवळी, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. कोटेशन घेताना टिचबटणातल्या रिंगांचाही खर्च विचारा. त्या झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात.