वामनदादांच्या चाली कोण जपणार?

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे लहानसे गाव आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी तेथे जन्मलेल्या वामन कर्डक यांच्या वाट्याला शाळा आली नाही. पोटासाठी त्यांनी मुंबई गाठली. तेथे कोणीतरी त्यांच्याकडून पत्र वाचून घ्यावयास आले आणि आपल्याला अक्षरओळख नाही, हे सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या शरमेपोटी ते बाराखडी शिकले. दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे क्रमिक पुस्तक ठरले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गाण्याची साथ सोडली नाही.

ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्याच जिल्ह्याचे हे लोककवी. आंबेडकरी जलशांनी घालून दिलेल्या वाटेने ते गावोगाव गेले. पेटी, ढोलकी आणि जयंतीच्या रात्री वस्तीत जमलेला श्रोता एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला. शेवटच्या कडव्यात गुंफलेले ‘वामन’ हे नाव हाच त्यांचा स्वामित्वहक्क! त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आदी संग्रहांतून त्यांतील काही छापली गेली. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले.

तथापि छापील पानावर शब्द उरतात. चाल उरत नाही. अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री १९६७ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे शेकडो गीते केवळ कागदावर राहिली. चाली त्यांच्या डोक्यात होत्या, त्या त्यांच्याबरोबरच गेल्या. कुटुंबीयांनी ते कागद जपले म्हणून १९९८ मध्ये बिली ब्रॅग आणि विल्को या वाद्यवृंदाला त्यांतील काही गीते नव्या चालींत गाता आली. टल्सा शहरात २०१३ पासून गथ्रींच्या नावाचे संग्रहालयही उभे आहे. परंतु हरवलेली मूळ चाल कोणत्याही संग्रहालयाला परत आणता आलेली नाही.

वामनदादांच्या बाबतीत दैव अद्याप इतके निष्ठुर झालेले नाही. त्यांच्या शेजारी बसून गायलेले, त्यांना साथ केलेले कलावंत आजही आहेत. मात्र ते आता वृद्ध झाले आहेत. एखादे कडवे गळते, एखादा शब्द बदलतो, कधी ‘वामन’ हे नावच गाण्यातून निसटते. हे थांबवावयाचे तर मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुटीत एकेका गायकाकडे धाडावे, गाणे चालीसह ध्वनिमुद्रित करावे आणि गायकाचे नाव, गाव व तारीख नोंदवून ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावे.

पाट्या वाचून साक्षर झालेल्या कवीचे एवढे ऋण शिकलेल्या समाजाने फेडावयास हवे.