पहिला छोटा सिनेमा : वाटाणा, गिरणी आणि पिस्तुल्या

आज रनाळ्यात आपण बोलणार आहोत मोठ्या दिग्दर्शकांच्या सुरुवातीच्या छोट्या सिनेमांबद्दल. हा विषय निघाला की तरुण मुलं आम्हाला हमखास एकच प्रश्न विचारतात : कॅमेरा कुठला घ्यायचा? त्याचं उत्तर देण्याआधी आपण तीन उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. यंत्र हातात होतं, पण मोठा सिनेमा काढायला पैसा नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा लावणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले. बरेच दिवस हे चाललं. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रं सरकायची. त्यामुळे जे उगवायला कित्येक दिवस लागले, ते बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भराभर वाढलं. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा सिनेमा. तो दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

दुसरं उदाहरण ‘गिरणी’चं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी २००४च्या सुमारास हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट म्हणाल तर साधी आहे. आई घर चालवायला पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी तिचं अप्रूप वाटतं. मग तिचा आवाज आणि दळणाचं काम मागे लागतं, आणि तीच गिरणी त्याला नकोशी होते. आता त्यांच्या पुढच्या सिनेमांची नावं आठवा : ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’. साधी, रोजच्या बघण्यातली एक गोष्ट धरायची आणि तिच्याभोवतीची माणसं दाखवायची, ही नजर ‘गिरणी’तच तयार झालेली दिसते.

तिसरं ‘पिस्तुल्या’. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरला शिकत होते, तेव्हाचा हा लघुपट. मुलाला शाळेत जायचंय, पण घरची गरज त्याला चोरीकडे ढकलते. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो दिग्दर्शकाचा सर्वोत्कृष्ट पहिला लघुपट ठरला. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसला. ‘फँड्री’तला जब्याही शाळेत जाणारा, आणि त्यालाही घरचं काम शाळेतून ओढून नेतं. म्हणजे प्रश्न तोच राहिला, फक्त पडदा मोठा झाला.

तिघांकडे साधनं कमी होती. म्हणून एकच गोष्ट निवडावी लागली, आणि जी जवळची होती तीच निवडली गेली. छोटा सिनेमा म्हणजे मोठ्याची नुसती रंगीत तालीम, असं आम्हाला वाटत नाही. आपल्याला नेमकं काय बघायचंय, हे दिग्दर्शकाला तिथे कळतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. नंदुरबारजवळ लाल मिरची वाळत घातलेली असते. तिथे दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हातांची आग संध्याकाळी कशी होते? दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणारं पोर परत येतं, तेव्हा वर्गात त्याची जागा कुठे असते? अहिराणीत, भिलीत बोलणारी ही माणसं पडद्यावर किती दिसतात, तुम्हीच सांगा. आपण दाखवली नाहीत, तर बाहेरून कोणी येऊन दाखवेल याची वाट किती बघायची?

म्हणून एवढंच करा. एक माणूस निवडा, एक दिवस निवडा. त्याला आधी विचारा, त्याची परवानगी घ्या, त्याच्याजवळ बसा. मग हातातल्या मोबाइलवर पाच मिनिटांचं काहीतरी करा, आणि सगळ्यात आधी त्यालाच दाखवा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. कॅमेऱ्याचा तेवढा शेवटी.