हजारातला एक आणि बाकीचे
१९६१ साली केर व्हाइट यांनी दोन सहकाऱ्यांसह अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. डॉक्टरकडे जातात २५०, रुग्णालयात दाखल होतात नऊ, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त एक.

भावी डॉक्टर मात्र त्या एकावरच शिकतो.

वॉर्डातला रुग्ण तपासण्या होऊन, पुष्कळदा निदानाचा कागद घेऊनच आलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली बाई म्हणते, ‘डोकं दुखतंय, भूक नाही, जीव घाबरतो.’ यातून सुरुवात कुठून करायची? मोठ्या रुग्णालयातल्या डोकेदुखीमागे गाठ किंवा रक्तस्राव असण्याची शक्यता बरीच. गावातल्या डोकेदुखीमागे अर्धशिशी, ताण, अपुरी झोप किंवा चष्म्याचा नंबर निघण्याची. लक्षण एकच, पण शक्यतांचं गणित वेगळं. अचानक उठलेली असह्य कळ, ताठलेली मान, लुळा पडलेला हात दिसला तर क्षणही न घालवता पुढे पाठवायचं. बाकीच्यांना महागड्या तपासण्यांत न ढकलता सांगायचं, ‘दोन दिवसांत उतार पडला नाही तर या, उलट्या किंवा ग्लानी आली तर लगेच या.’ हे वाक्य नेमकं कुणाला आणि केव्हा सांगायचं, हे कळणं कोणत्याही शस्त्रक्रियेइतकंच कौशल्याचं आहे, आणि ते शिकवावंच लागतं.

एडिंबरा विद्यापीठाने १९६३ साली रिचर्ड स्कॉट यांना जनरल प्रॅक्टिसचं, म्हणजे फॅमिली मेडिसिनचं, प्राध्यापकपद दिलं. या विषयाचं ते जगातलं पहिलं. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीनेही समाजाकडे पाहणारा डॉक्टर घडवण्याची शिफारस केली होती. तरीही एमबीबीएसला फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र विषय आजही नाही. त्याचे तुकडे पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र), मेडिसिन, बालरोग अशा विभागांत विखुरलेले आहेत.

सेवाग्रामने वेगळी वाट धरली. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे सुरू केलेल्या महाविद्यालयात नव्या तुकडीचे विद्यार्थी एका दत्तक गावात शिबिरासाठी राहतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात आणि शिबिर संपल्यावरही तिथे जाणं सुरू राहतं. चुलीचा धूर, पाण्याची सोय, सासूचा रक्तदाब आणि सुनेचा ॲनिमिया एकाच घरात दिसू लागतात. औषध परवडलं नाही म्हणून अर्ध्यावर सोडलं, हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं. ते ओसरीवर कळतं.

२०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभर अभ्यासक्रमात आणला. निर्णय उत्तम आहे. पण बसने जायचं, फॉर्म भरायचा, बीपी मोजायचं आणि जेवणाच्या आत परतायचं, असं झालं तर त्याची नुसती पाहणी होऊन बसेल. विद्यार्थ्याने नोंदवलेली शुगर पुढच्या भेटीत कमी झाली की वाढली, आणि का, हे विचारणारा शिक्षक सोबत हवा.

असे शिक्षक आपल्या गल्लीबोळांत आहेत. तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ असलेले फॅमिली डॉक्टर मराठी शहरांत अजूनही दवाखाने चालवतात. अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या आवडीच्या विषयासाठी इलेक्टिव्हचा काळ राखलेला असतोच. त्यातले काही आठवडे अशा दवाखान्यात घालवता यावेत. आणि त्या डॉक्टरांना मानधन, महाविद्यालयात अध्यापकाचा दर्जा आणि शिकवण्याचं थोडं प्रशिक्षण मिळावं.