गेमचं यंत्र घ्यायचं, पण कधी?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, मुलासाठी प्लेस्टेशन. काही जणी हसल्या. पण मुलाचं म्हणणं होतं, "आत्ता घेतलं नाही तर जुनं होईल." हे खरं का, म्हणून आम्ही माहिती काढली.

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनी या जपानी कंपनीचं पहिलं प्लेस्टेशन आलं १९९४ साली, दुसरं २०००, तिसरं २००६, चौथं २०१३ आणि पाचवं २०२० साली. म्हणजे सहा-सात वर्षांनी नवी पिढी. पाचवं भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आलं. पुढच्या वर्षी त्याचीच किंमत ५४,९९० झाली.

एवढी वर्षं का? आपल्या उसाचंच बघा. लागणीला बेणं, मशागत, मजुरी असा मोठा खर्च. खोडव्याला तो कमी. कंपनीचंही तसंच. नवं यंत्र तयार करायला अफाट पैसा लागतो, कधीकधी ते सुरुवातीला तोट्यात विकतात. कमाई होते पुढची काही वर्षं गेम विकून. मग चांगला खोडवा लवकर कोण मोडेल?

पण शेजारी घाई करतो. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एक्सबॉक्स आणलं आणि चारच वर्षांत पुढचं काढलं. सोनी तिथं वर्षभर मागं पडली. सेगा कंपनीचं ड्रीमकास्ट १९९८ साली आलं, दुसऱ्या प्लेस्टेशनपुढं टिकलं नाही. २००१ साली सेगाने यंत्रं बनवणंच सोडलं.

तरी नवं आलं की जुनं लगेच बाद होतं, असं नाही. तिसरं आल्यावरही दुसरं प्लेस्टेशन सहा वर्षं बनत होतं. चौथ्याचे बहुतेक गेम पाचव्यावर चालतात. तिसऱ्याच्या डिस्क मात्र चौथ्यावर चालत नाहीत.

म्हणून आम्ही त्या मुलाला तीन प्रश्न दिले. ही पिढी येऊन किती वर्षं झाली? यातले गेम पुढच्या यंत्रावर चालतील का? आणि यंत्राच्या हप्त्याशिवाय वर्षाला गेमवर किती पैसे जातील? नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा असतो, हे विसरू नका.

ताईंचा अर्ज वहीत तसाच आहे. पुढच्या बैठकीला मुलगा उत्तरं लिहून आणणार आहे. मग हप्त्याचं ठरवू.